रुमालाखालचा आकडा

पुण्याहून फोन आला. सांगलीतली एक कंपनी आहे म्हणे,
भागीदारीतली, ताळेबंद कुणाला दाखवत नाहीत.
तुम्ही तिथलेच, जरा अंदाज काढा:
वर्षाला किती कमावते, आणि विकली तर किती.

हो म्हणालो. अंदाज आमच्या घरातलाच.
वडील हळदीच्या सौद्यात हत्त्याला बसायचे,
रुमालाखाली बोटं,
वर चेहरा नंदीसारखा.
पिवळे हात घेऊन घरी यायचे
आणि भाव आईलासुद्धा सांगायचे नाहीत.

तर कंपनी.
मार्केट यार्डाच्या मागं, खताच्या दुकानावर. लोखंडी जिना.
पाटी नाही.
बेदाण्याच्या शीतगृहांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम:
कुणाच्या किती पेट्या, कुठल्या खोलीत,
कधीपासून, भाडं किती झालं.

समोरच्या टपरीवर बसून गाड्या मोजल्या.
अकरा दुचाकी, त्यातली एक खतवाल्याची.
म्हणजे दहा माणसं. पगार सांगलीचा, पुण्याच्या निम्मा,
गुणिले बारा. विजेचा मीटर जिन्याखालीच होता, वाचला.
चहा दिवसातून तीनदा, बिल महिन्याच्या महिन्याला चुकतं.
ही ओळ मी दोनदा अधोरेखित केली.
खर्च एवढा, तर उत्पन्न निदान तेवढं असणार,
नाहीतर टपरीवाला आधी बोलला असता.

मग दुसऱ्या बाजूनं आलो.
तासगाव, कवठेमहांकाळ, शीतगृह दिसलं की मोटारसायकल थांबवायची.
फी वर्षाला अठरा हजार.
एक म्हणाला, आम्ही बाराच देतो.
एक म्हणाला, पैसे कसले, दिवाळीला दोन पेट्या पाठवतो,
हिरवा, लांब मणी.
त्या कुठल्या खात्यात धरायच्या?

दोन्ही बाजू जुळेनात. मध्ये सात लाखांचं भोक.
चौथ्या दिवशी जिन्यावरून हाक आली,
'टपरीवर किती बसाल? वर या, फॅन आहे.'

शैलजा आवटी. चष्मा कपाळावर.
'सात लाख होय? येणं आहे ते. येतील.
नाही आले म्हणून बंद करायचं का?
पेट्या आत तिसऱ्याच कुणाच्या असतात.'
कोपऱ्यात भूपाल मगदूम, भागीदार.
सगळा प्रोग्रॅम त्याच्या डोक्यात,
निम्मा कुठं लिहूनही ठेवलेला नाही.
मुतखडा आहे मला, म्हणाला हसत.
मी तेही टिपलं.

पुण्याचं सूत्र सोपं:
उत्पन्नाला तीननं गुणा,
माणूस निघून जाण्यासारखा असेल तर दीडनं.
मुतखड्याला कितीनं, ते त्यात नव्हतं.

निसार बागवानला विचारलं, उद्या हे बंद पडलं तर?
'पडलं होतं की, पुराच्या साली.
आमचा कॉम्प्युटर सांगलीच्या ऑफिसात, पाण्याखाली.
इथं तीस हजार पेट्या, सगळ्यांचं तोंड एकसारखं,
आणि दारात माणसं, माझी कुठली म्हणून.
पाचव्या दिवशी मगदूम आला, होडीतनं, मग ट्रॅक्टरनं.
तांदळाच्या डब्यात हार्ड डिस्क.'
किती घेतले त्याचे?
'त्यानं मागितले नाहीत.
मी पण', निसार जरा थांबला,
'विचारलं नाही.'

अहवालात त्याला रकाना सापडेना.
'इतर' मध्ये लिहिलं, खोडलं.
पुण्याला एकच आकडा हवा होता,
मी दोन लिहिले, त्यांच्यामध्ये म्हैस बसेल एवढी जागा ठेवून.

निघताना शैलजाबाई म्हणाल्या,
'काय लावलीत आमची किंमत?'
सांगायचं नसतं.
मी खिशातला रुमाल काढला, टेबलावर पसरला,
खाली हात घातला.
त्या हसल्या नाहीत. त्यांचे आजोबाही यार्डातलेच.
रुमाल थोडा हलला.
किती, ते इथंही सांगत नाही.
एवढंच, की त्यांनी माझी बोटं मोजून घेतली,
सोडली नाहीत,
आणि अजून एक पेर दाबलं.

रात्री घरी बायकोनं विचारलं, झालं का काम?
मी हात धुवायला गेलो.
पिवळं काहीच नव्हतं.
तरी बराच वेळ धूत राहिलो.